पदवी न घेतलेला लू गेरिग

कोलंबिया विद्यापीठ म्हटले की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. ते १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२१ साली, न्यूयॉर्कच्या त्याच विद्यापीठात एका गरीब घरातला मुलगा दाखल झाला. त्याचे नाव लू गेरिग. बेसबॉल आपल्या शाळेत कोणी खेळले नाही, तरीही या खेळाडूची कथा मला आपल्यासाठीच सांगाविशी वाटते.

लूचे आईवडील जर्मनीहून आलेले. चार मुलांपैकी तो एकटाच जगला. आई क्रिस्टीना कोलंबियातल्याच विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहात स्वयंपाक करी. मुलाने इंजिनिअर व्हावे हे तिचे स्वप्न होते. प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात लू टोपणनावाने पैसे घेऊन काही सामने खेळला. ते उघडकीस आले आणि विद्यापीठाच्या संघातून खेळायला त्याला एक वर्ष बंदी झाली.

अखेर १९२३ मध्ये तो संघात आला. १८ एप्रिलला विल्यम्स कॉलेजविरुद्ध त्याने चेंडूफेक करत १७ फलंदाज बाद केले, तरी कोलंबिया तो सामना हरले. पण त्याच्या फटक्यांची ताकद पाहून न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाने त्याला हेरले. घरात आजारपण होते, पैशाची चणचण होती. लूने करार केला आणि दोन वर्षांतच शिक्षण सोडले. पदवी राहिली ती राहिलीच.

पुढे १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत तो एकही सामना न चुकवता सलग २१३० सामने खेळला. हा विक्रम मोडायला १९९५ साल उजाडावे लागले. शेवटी हातापायांतली शक्ती जाऊ लागली, तेव्हा २ मे १९३९ रोजी त्याने स्वतःच आपले नाव संघातून काढायला सांगितले. त्यानंतर १५ दिवसांनी कोलंबिया आणि प्रिन्स्टन यांचा सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. तिथे दूरचित्रवाणीवर दिसलेला तो पहिला बेसबॉल सामना. ज्या संघातून लू घडला, तो संघ असा घरोघरी पोहोचू लागला, तेव्हा लूचा खेळ संपला होता.

स्नायू निकामी करणाऱ्या त्या आजाराला अमेरिकेत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. ४ जुलै १९३९ च्या निरोप समारंभात त्याने नशिबाला दोष दिला नाही. मैदानाची निगा राखणाऱ्यांचीही त्याने आठवण काढली. आपल्या शिक्षणासाठी आईवडील जन्मभर राबले, हे त्याने आपले भाग्य म्हणून सांगितले. २ जून १९४१ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला.

ज्या शिक्षणाचे प्रमाणपत्र हाती आले नाही, त्याचेही ऋण त्याने मानले. कोलंबियाही त्याला अभिमानाने आपला म्हणते. आपल्या वर्गातलेही काही जण आठवी-नववीनंतर शेतात, दुकानात, गॅरेजमध्ये गेले. डबा खाताना, कबड्डीच्या मैदानावर, बाईंच्या हातची छडी खाताना ते आपल्याबरोबरच होते. म्हणून या स्मरणिकेतल्या यादीत त्यांची नावे शेवटी वेगळी न देता हजेरीपटाच्या क्रमानेच छापावीत, असा आग्रह मी धरला.