डेव्हिड लीन : टेबलावरचे विद्यापीठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच की काय, डेव्हिड लीनच्या चरित्रातली एक गोष्ट मला फार लागली. १९०८ साली इंग्लंडात क्रॉयडनला जन्मलेला हा मुलगा शाळेत मठ्ठ समजला जाई. धाकटा भाऊ ऑक्सफर्डला गेला. हा वडिलांच्या हिशेबाच्या कचेरीत! घर क्वेकर पंथाचे, सिनेमा वर्ज्य. तरी १९२७ मध्ये तो गोमाँ स्टुडिओत चहा देण्याच्या कामावर लागला आणि हळूहळू संकलनाच्या टेबलाशी पोचला. फिल्म कुठे कापावी, हे तिथे शिकला. पुढे दिग्दर्शक झाल्यावरही ती नजर सुटली नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये (१९६२) काडी फुंकली जाते आणि पुढच्याच क्षणी वाळवंट, ती जागा जरूर पाहावी. (संकलन अ‍ॅन कोट्स यांचे.)

दिग्दर्शनाची दोन ऑस्कर मिळालेला हा माणूस १९७० च्या ‘रायन्स डॉटर’वर न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तोंडावर केलेल्या टीकेने पार खचला. चौदा वर्षे एकही कथापट नाही! मला वाटते, लहानपणचा ‘मठ्ठ’ हा शिक्का आत कुठेतरी शिल्लक असावा.

१९८४ मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ आला, तेव्हा त्याचे वय शहात्तर. त्याचे संकलन मात्र त्याने स्वतः केले. १९९१ मध्ये तो गेला, ‘नॉस्ट्रोमो’ची तयारी चालू असतानाच.