गणकचक्रचूडामणी ब्रह्मगुप्त

राजस्थानातील भीनमाळ हे गाव प्राचीन काळी भिल्लमाल या नावाने ओळखले जात असे. याच गावाशी ब्रह्मगुप्त या थोर गणितज्ञाचे नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्म इ. स. 598 मध्ये झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जिष्णु. चाप वंशातील राजा व्याघ्रमुख याच्या कारकिर्दीत, इ. स. 628 मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. ग्रंथाचा मुख्य विषय ज्योतिष असला, तरी त्यातील गणिताच्या प्रकरणांनी त्यांची कीर्ती अमर केली. शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम त्यांनी याच ग्रंथात सांगितले.

जमिनीची मोजणी हा त्या काळीही व्यवहारातील नित्याचा प्रश्न होता. आयताचे क्षेत्रफळ काढणे सोपे. पण चारही बाजू वेगवेगळ्या असलेल्या शेताचे काय करावे? समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांची निमपट करून त्यांचा गुणाकार करावा, अशी एक रीत रूढ होती. ब्रह्मगुप्तांनी ही रीत नोंदवली. पण तिला स्थूल म्हटले आणि तिच्या जोडीला सूक्ष्म रीत दिली. चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करावे, त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करावी, आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे.

एखाद्या चौकोनाच्या बाजू क्रमाने 25, 39, 60 आणि 52 आहेत असे समजू. स्थूल रीतीने क्षेत्रफळ 1933.75 येते. सूक्ष्म रीतीत बेरजेचे निम्मे 88. वजाबाकीनंतर 63, 49, 28 आणि 36 या संख्या मिळतात. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ 1764. दोन उत्तरांतील फरक जवळजवळ 170 चौरस एककांचा आहे. स्थूल रीतीने येणारे उत्तर कधीही खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कमी नसते. बहुधा ते जास्तच असते.

मात्र या सूक्ष्म रीतीलाही एक मर्यादा आहे. चौकोनाचे चारही कोनबिंदू एकाच वर्तुळावर असतील, तरच ती अचूक ठरते. 5 एकक बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ 25 असते. तोच चौरस एका बाजूला कलता केला, की बाजू तेवढ्याच राहतात. पण कर्ण 6 आणि 8 झाले, तर क्षेत्रफळ 24 उरते. सूत्र मात्र 25 च सांगते. ब्रह्मगुप्तांच्या मनात चक्रीय चौकोनच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात; परंतु ती अट त्यांच्या सूत्रात शब्दांनी आलेली नाही.

पुढे इ. स. 1150 मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हीच उणीव दाखवली. कर्ण किंवा लंब दिल्याखेरीज केवळ बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही, असे त्यांनी बजावले. तरीही ब्रह्मगुप्तांविषयी त्यांना परम आदर होता. गणकचक्रचूडामणी, म्हणजे गणितज्ञांच्या समुदायातील मुकुटमणी, ही पदवी त्यांनीच दिली. सोळाव्या शतकात केरळातील ज्येष्ठदेव यांनी ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात चक्रीय चौकोनाच्या या सूत्राची सिद्धता मांडली.

तरुण ब्रह्मगुप्त इतरांच्या चुकांबाबत फार कठोर होते. पहिल्या ग्रंथात त्यांनी आर्यभटांवर कडक टीका केली. परंतु इ. स. 665 मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ‘खण्डखाद्यक’ लिहिताना त्यांनी आर्यभटांच्याच एका पद्धतीचा आधार घेतला आणि तिच्यात आवश्यक त्या सुधारणा सुचवल्या.

स्थूल उत्तरावर समाधान न मानता सूक्ष्माचा शोध घ्यावा, हा ब्रह्मगुप्तांचा ध्यास होता. त्यांच्या सूत्राची मर्यादा दाखवणाऱ्या आणि ते सिद्ध करणाऱ्या पुढच्या पिढ्यांनीही तोच ध्यास जपला.