रमाबाईंची अमेरिकेतली भटकंती

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक-जावई परदेशात फिरायला निघाले. तिकडे गाडी भाड्याने घेऊन गावोगाव हिंडायचा बेत. झालं! गटाची बैठक राहिली बाजूला आणि प्रश्न सुरू झाले. रस्ता चुकला तर? भाषा नाही समजली तर? शाकाहारी जेवण मिळेल का? लेकीची आई बिचारी रडवेली झाली. मला मात्र त्या क्षणी पंडिता रमाबाई आठवल्या. बी.ए.ला असताना त्यांच्यावर चार ओळी पाठ केल्या होत्या, शारदा सदन, मुक्ती मिशन वगैरे. पण ही बाई पाच वर्षांच्या पोरीला घेऊन अनोळखी अमेरिकेत उतरली आणि जवळजवळ पावणेतीन वर्षं हिंडली, हे त्या चार ओळींत कुठे होतं?

तसं पाहिलं तर प्रवास त्यांच्या नशिबात जन्मापासूनच होता. २३ एप्रिल १८५८चा त्यांचा जन्म, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्या काळी हा मोठा अपराधच! रमाबाई काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडलं आणि बाळाला वेताच्या पेटीत घालून डोंगर उतरवलं. पुढे कित्येक वर्षं हे कुटुंब तीर्थाटन करत, देवळांत पुराण सांगत पायी फिरलं. दुष्काळ पडला, जवळचं सगळं संपलं. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीणही. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी चालतच राहिले आणि १८७८ मध्ये कोलकात्याला पोचले. आपल्या लाखनीवरून जाणाऱ्या महामार्गावर कोलकात्याच्या पाट्या पाहिल्या की मला त्या दोघांचे पाय आठवतात. वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं.

मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, तेही जातीबाहेर. मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही गेला. तेविसाव्या वर्षी पदरात लेकरू असलेली विधवा! पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. पुण्यात गदारोळ उठला. तो विषय स्वतंत्र लेखाचा, आज नको.

अमेरिकेला जायचं कारण साधं होतं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. समारंभ ११ मार्च १८८६ला. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं बोलावणं आलं आणि भर हिवाळ्यात, खवळलेल्या समुद्रातून, लिव्हरपूलहून बोटीने मायलेकी निघाल्या. थोडे दिवस राहून परतायचं, असाच बेत होता. मोटारगाडी? तिचं पेटंटच कार्ल बेंझने त्याच वर्षी जर्मनीत घेतलं. म्हणजे प्रवास सगळा आगगाडीचा आणि घोडागाडीचा.

पण फिलाडेल्फियात त्यांना जे दिसलं, त्याने पाय अडले. बायका शाळा चालवतात, दवाखाने चालवतात, दारूविरुद्ध संघटना बांधतात. आणि हे सगळं कुणा राजाच्या देणगीवर नाही, तर थोडी थोडी वर्गणी काढून! रमाबाईंनी ठरवलं, हे नीट पाहून घ्यायचं. त्या बालवाडीचं शिक्षण शिकल्या. शहराशहरांत भाषणं दिली, हिंदुस्थानातल्या विधवांची हकिकत सांगितली. अंगावर आपली साडी, ताटात शाकाहारी जेवण. (आपण दोन दिवसांच्या सहलीला निघालो तरी चिवड्याचे डबे भरतो, हे जाता जाता!)

याची किंमत मात्र त्यांनी चुकती केली. भटकंतीत पोरीची आबाळ होते म्हणून काही महिन्यांतच मनोरमेला परत इंग्लंडला, जोगिणींकडे पाठवावं लागलं. आई एका खंडात, लेक दुसऱ्या. मधे फक्त पत्रं. मी दोन मुलांची आई आहे, मला हे वाचताना गलबलून येतं. बरोबर की चूक, ते मला नाही सांगता येत.

एका पत्रात त्यांनी लेकीला हॅरिएट टबमनबद्दल लिहिलं. ही काळी स्त्री गुलामगिरीतून पळाली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन तिने कितीतरी गुलामांना सोडवलं. म्हातारपणीही ती इतकी दणकट होती, की तिच्या मिठीने आणि हस्तांदोलनाने रमाबाईंचा हात दुखायला लागला! मला ही भेट फार आवडते. कुठली गंगामूळची मुलगी आणि कुठली ती!

अमेरिका पाहून त्या भारावल्या, पण डोळे मिटून नाही. काळ्या माणसांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनी पाहिली आणि लिहिली. शिकल्यासवरलेल्या त्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, हेही त्यांनी टिपलं. तो हक्क तिथे देशभर मिळायला १९२० साल उजाडलं.

१८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं. त्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या, वय अवघं एकवीस. डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं वचन मिळालं. गावोगावी बायकांची मंडळं निघाली, वर्षाला एकेक डॉलर गोळा करणारी. आपल्या गटाची वही डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल!

१८८८च्या नोव्हेंबरात त्या दुसऱ्या टोकाच्या सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या आणि जपानमार्गे १८८९च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरल्या. आल्यावर सत्कार घेत बसल्या नाहीत. ११ मार्च १८८९ला शारदा सदन उघडलं, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. वर्ष संपायच्या आत रमाबाईंनी अमेरिकेचं प्रवासवृत्तही मराठीत छापलं. त्यात नुसती सृष्टिशोभा नाही. तिथलं सरकार, घरसंसार, शिक्षण, व्यापार, बायकांची स्थिती, सगळं समजावून दिलंय, आपल्या घरातल्या बायकांना कळावं म्हणून.

पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला. तेव्हा आपला भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि रमाबाई याच मध्य प्रांताच्या दुष्काळी मुलखात आल्या. वय अडतीस-एकोणचाळीस, म्हणजे माझ्याहून लहानच! बोस्टनच्या सभा गाजवलेली ही बाई इथे उपाशी मुली शोधत फिरली आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन केडगावला गेली. आपले आईबाप ज्या भुकेने गेले, ती भूक ओळखायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नसेल.