लोकनायक बापूजी अणे : पदापेक्षा मनाचा कौल मोठा मानणारा नेता

ज्यांना अवघा विदर्भ आदराने ‘बापूजी’ म्हणत असे, त्या माधव श्रीहरी अणे यांना जनतेने ‘लोकनायक’ ही पदवी दिली होती. लोकमान्य टिळकांचे अनुयायी, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, बिहारचे राज्यपाल आणि अखेरीस नागपूरचे अपक्ष खासदार, असा त्यांचा प्रवास आहे. वरवर पाहणाऱ्यास तो परस्परविरोधी वाटतो. तथापि या साऱ्या वळणांमागे एकच सूत्र होते. जे पटले नाही, ते आपल्या माणसांनी सांगितले तरी स्वीकारायचे नाही आणि त्यासाठी एकटे पडावे लागले तरी मागे हटायचे नाही.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. वडील श्रीहरीपंत संस्कृतचे व्यासंगी होते. संस्कृतची गोडी बापूजींना घरातच लागली आणि ती जन्मभर टिकली. उच्च शिक्षणासाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजमध्ये आले. पुढे काही काळ अमरावतीस शिक्षकी करून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली आणि यवतमाळ येथे वकिली सुरू केली. वकिलीत जम बसत असतानाच टिळकांच्या राजकारणाने त्यांना ओढून घेतले. होमरूल चळवळीचे काम त्यांनी वऱ्हाडात नेटाने केले. यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. त्याचे नाव खुद्द टिळकांनी सुचविले होते. पुढे हेच नाव धारण करून १९७१ साली नागपुरातून दैनिक निघाले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने गांधीजींच्या असहकाराचा मार्ग पत्करला. टिळकपंथीयांची मोठी कोंडी झाली. विधिमंडळांवरील बहिष्कार बापूजींना मान्य नव्हता. तरीही विदर्भ प्रांतिक काँग्रेसची धुरा त्यांनी १९२१ पासून सांभाळली. पुढे न. चिं. केळकर आणि बॅ. जयकर यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला आणि मध्यवर्ती कायदेमंडळात प्रवेश केला. १९२८ साली भावी राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या मोतीलाल नेहरू समितीचे ते सदस्य होते. त्याच वर्षी ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

परंतु लढ्याची हाक आली तेव्हा मतभेद बाजूला ठेवण्यात त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. १९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. विदर्भाला समुद्रकिनारा नाही. येथील शेतकऱ्याला आणि आदिवासीला रोज जाचत होता तो जंगलचा कायदा. गुरांसाठी गवत कापावयाचे तरी सरकारी परवाना लागे. ही नाडी ओळखून जुलै १९३० मध्ये बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला. त्यांना कारावास झाला आणि सत्याग्रहाचे लोण मध्य प्रांत-वऱ्हाडभर पसरले. १९३३ साली, बहुतेक नेते तुरुंगात असताना, काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांच्यावर आली. सामुदायिक कायदेभंग स्थगित करून वैयक्तिक सत्याग्रहाला मुभा देण्याचा अप्रिय निर्णय त्यांनाच जाहीर करावा लागला.

पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने तटस्थ भूमिका घेतली. ती मान्य न झाल्याने बापूजी पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. त्याहून मोठा धक्का १९४१ साली बसला. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. ज्याने इंग्रजांचा कायदा मोडून तुरुंगवास भोगला, त्यानेच इंग्रजांच्या दरबारात जावे, हे अनेकांना रुचले नाही. सागरपार भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पायपीट करीत परतत असताना त्यांच्या हालांची पाहणी करण्यासाठी ते आसामपर्यंत गेले.

त्यांची खरी कसोटी मात्र घराजवळच्या घटनेने पाहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर सैनिकांनी गावात अत्याचार केले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी दिल्लीत बापूजींच्याच दारी उपोषण आरंभले. ज्या विदर्भाने त्यांना लोकनायक केले, तोच आता दाराशी जाब विचारीत होता. बापूजी तेव्हा पदावर राहिले, हे नमूद केलेच पाहिजे. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले आणि सरकार त्यांच्या सुटकेस राजी होईना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. ज्या गांधीजींशी त्यांचे कित्येकदा पटले नव्हते, त्यांच्या प्राणांपुढे त्यांनी पदाची किंमत शून्य मानली.

त्यानंतर सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी, घटना समितीचे सदस्य आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल, अशी पदे त्यांनी सांभाळली. या वयात कोणीही विश्रांती घेतली असती. बापूजींनी स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी आणि ब्रिजलाल बियाणी यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे विदर्भाची बाजू मांडली आणि १९५५ साली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारसही केली. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद हरपले. त्या वेदनेला नागपूरकरांनी मतपेटीतून वाट करून दिली. १९५९ च्या पोटनिवडणुकीत बापूजी नागपुरातून लोकसभेवर गेले आणि १९६२ मध्ये, वयाची ८० वर्षे उलटल्यानंतर, अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. १९६७ पर्यंत ते खासदार होते.

राजकारणाच्या धकाधकीतही त्यांनी लोकमान्यांच्या चरित्रावर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे हजारो श्लोकांचे संस्कृत महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण किताब जाहीर झाला, तर महाकाव्याला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर लाभला. वडिलांनी दिलेली संस्कृत विद्या त्यांनी अशा रीतीने राजकारणातल्या गुरूच्या चरणी वाहिली.

त्यांचा वारसा घरातही टिकला. पणजोबांचे नाव लाभलेले त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्तापद सोडले, तेही स्वतंत्र राज्याच्या भूमिकेवरून उठलेल्या वादळातच. स्वतंत्र विदर्भाविषयी मराठी माणसांत आजही दोन मते आहेत आणि ती राहतील. पण मत पटले म्हणून पद सोडणारी, आणि मत पटले नाही म्हणून माणूस न तोडणारी बापूजींची रीत दोन्ही बाजूंना आदर्श वाटावी अशीच आहे.