वाल्डेमार हाफकिन: प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ

कोविडची लस आली तेव्हा माझ्या दवाखान्यात जवळजवळ प्रत्येक जण एक गोष्ट हमखास विचारायचा: तुम्ही स्वतः लस घेतली का? मला त्या प्रश्नाचा कधी राग आला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने याच प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीरावर प्रयोग करून दिले होते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि गावोगावी फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या अर्कात तुपाचे थेंब टाकून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, ते उष्णतेने मारले आणि त्यांपासून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात लागण आणि मृत्यू दोन्ही कमी झाले.

सरकारने काय केले?

साथ जहाजांबरोबर आपल्याकडे येईल या भीतीने युरोपातील सरकारे १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकत्र आली. भारतात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. २०२० मध्ये कोविडच्या वेळी आपल्याकडे वापरला गेला तो हाच कायदा. घरांची झडती, रुग्णांना छावणीत हलवणे, रेल्वे प्रवाशांची तपासणी असे उपाय सुरू झाले. पुण्यात रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले. लोकांचा संताप वाढला आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याआधी, मार्च महिन्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता.

हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. सक्तीपेक्षा लोकांची खात्री पटवण्यावर त्यांचा भर होता. आगाखान यांनी त्यांना जागा दिली आणि स्वतः जाहीरपणे लस घेतली, तेव्हा त्यांच्या समाजातील हजारो लोक पुढे आले.

मुलकोवालची घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतून लस टोचलेली होती. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आपल्याला माहीत आहेच. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे तपासले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. त्यानंतर त्यांची दोषातून सुटका झाली.

ते कोलकात्याला कामावर परतले, पण लसीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे हातातून गेली होती. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आपण काय लक्षात ठेवावे?

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि वेळेत उपचार झाले तर रुग्ण बरा होतो. तरीही हाफकिन यांच्या आयुष्यातून मला एक डॉक्टर म्हणून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे, लसीबद्दल शंका विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. दटावून ती शंका जात नाही, शांतपणे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे मनात प्रश्न असेल तर लस टाळू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी म्हणजे, लस चांगली असणे पुरेसे नसते. ती टोचणारा हात, सुई आणि बाटलीही तितकीच स्वच्छ हवी. इंजेक्शन घेताना सुई नवीन पाकिटातून काढली आहे ना, हे जरूर पाहा. त्यात संकोच बाळगू नका. मुलकोवालच्या त्या १९ जणांना हे पाहण्याची संधी मिळाली नव्हती.