दृष्टीचा उपासक : दादासाहेब फाळके

विद्यार्थ्यांनो, एक डोळा मिटून सुईंत दोरा ओंवून पाहा. हात वारंवार चुकतो. आपल्या दोन डोळ्यांना वस्तूचीं किंचित् निराळीं दोन चित्रें मिळतात व त्यांतील फरकावरून मेंदू जवळदूरचा अंदाज बांधतो. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यास मात्र एकच डोळा असतो आणि पडदा तर सपाट. तरीहि त्यावर रानें व राजवाडे खोलवर पसरलेले दिसतात. हें नवल आपल्या देशांत घडवून आणण्यासाठीं ज्यांनीं स्वतःचे डोळे पणास लाविले, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. 1885 सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला व छायाचित्रण शिकले. चित्रकार सपाट कागदावर अंतर दाखवितो तें असें : दूरचें लहान काढावयाचें, जवळच्यानें दूरचें झांकावयाचें, उजेडाशेजारीं सावली द्यावयाची. नळदुर्गच्या बुरुजावरून खालचीं माणसें अगदीं लहान दिसतात, पण तीं बुटकीं आहेत असें कोणी मानीत नाहीं. लहान आकाराचा अर्थ मेंदू दूर असा लावितो. पडद्यावरील खोली याच खुणांवर उभी असते.

1910 च्या सुमारास मुंबईंत फाळके यांनीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणांतील कथाहि अशाच दाखवाव्या, हा ध्यास त्यांनीं घेतला. रोज तासन्‌तास चित्रपट पाहावे, रात्रीं प्रयोग करावे. या अतिश्रमानें त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ज्यांची सारी विद्या डोळ्यांवर अवलंबून, त्यांच्यापुढें अंधार पसरला! सुदैवानें वैद्यकीय उपचारांनीं व चष्म्यांनीं ती परत आली.

1912 सालीं ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें त्यांनीं महिनाभराहून अधिक काळ एकेक करून टिपलीं. पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वाढलें. वस्तुतः प्रत्येक चित्र स्थिर होतें. तीं जोडून हालचाल निर्माण केली ती पाहणाऱ्याच्या मेंदूनें. पत्नी सरस्वतीबाईंनीं दागिने गहाण ठेवूं दिले आणि फिल्मला भोकें पाडण्याचें कामहि केलें. अखेर 3 मे 1913 रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. 16 फेब्रुवारी 1944 रोजीं दादासाहेब नाशिक येथें निवर्तले.

पालकांस आमची एक विनंति आहे. मेंदू कितीहि कुशल असला तरी डोळे जें पुरवितील त्यावरच त्याचें काम चालतें. ज्या मुलास फळ्यावरील अक्षर लागत नाहीं, त्यास मठ्ठ ठरविण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे. वेळेवर मिळालेल्या चष्म्यानें एका फाळक्यांचें आयुष्य पुन्हा उजळलें. आपल्या घरांतील मुलाचेंहि उजळूं शकेल.