संगीतसूर्य केशवराव भोसले

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, हे तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती! पण हे केशवराव कोण, असं मुलांनी विचारलं तर?

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडील लवकर गेले, घरी गरिबी. शाळेत जायच्या वयात हे पोर नाटक कंपनीत गेलं. 'शारदा' नाटकातली त्यांची शारदा खूप गाजली. १९०८ साली त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. वय किती? अवघं सतरा! वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच कान टवकारतात.

८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. एरवी दोघांच्या कंपन्यांत चुरस, पण त्या रात्री रंगमंच एकच. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१.

नाट्यगृह मुळात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं 'पॅलेस थिएटर'. केशवरावांचं नाव त्याला नंतर मिळालं. आगीनंतर जुनं रूप राखून ते पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलं, त्याच नावाने.